मुलांच्या भाषणाची तयारी
(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

वाचन : शास्ते 8:1-3, शास्ते 12:1-6, नहेम्या 8:1-12, प्रेषितांची कृत्ये 17:16-34 आणि 18:24-28

पावसाळा अर्ध्यावर आला, की आमच्याकडे एक ठरलेली मागणी येऊ लागते. 15 ऑगस्ट येतो, पाठोपाठ 5 सप्टेंबरचा शिक्षकदिन, मग 2 ऑक्टोबर आणि 14 नोव्हेंबर. शाळाशाळांतून वक्तृत्वाच्या स्पर्धा लागतात. एखादी आई मुलाचा हात धरून येते आणि म्हणते, ‘याला एक भाषण लिहून द्या. तीन मिनिटांचं. जरा भारी शब्दांचं.’ आपण शिक्षक ना! नाही म्हणवत नाही. दोन पाने लिहून देतो. मूल ती आठ दिवस घोकते, व्यासपीठावर चढते, चौथ्या वाक्याशी अडखळते आणि छताकडे पाहू लागते. त्याला एक शब्द आठवत नाही, म्हणून पुढचे सगळेच जाते. कारण ते त्याचे बोलणे नव्हतेच. ते आपले होते. त्याने फक्त पाठीवर वाहून आणले होते.

हा प्रश्न केवळ शाळेच्या बक्षिसाचा आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जे मूल आज चार लोकांपुढे उभे राहून मनातले खरे नीट बोलायला शिकते, तेच उद्या पंचायतीत, मंडळीच्या सभेत आणि स्वतःच्या घरात बोलू शकते. म्हणून या पाठात आपण शास्त्रातील काही प्रसंग समोर ठेवून, मुलांची तयारी कशी करून घ्यावी ते पाहू. उदाहरण आमच्याच भागातले, सावरगावचे आहे.

1. मूल कोणत्या भाषेत विचार करते?

पांढुर्णा आणि सौंसर हा भाग मराठी बोलणाऱ्यांचा. पण तो मध्य प्रदेशात आहे. 1956 पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली त्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला. सीमा सरकल्या, पण चुलीपाशी बोलायची भाषा तीच राहिली. त्यामुळे आमच्या मुलांना तीन बोली सांभाळाव्या लागतात : घरची, पुस्तकातल्या मराठीची आणि शाळेतल्या हिंदीची. एकच सण घ्या. पुस्तकात तो ‘पोळा’, आजीच्या तोंडी ‘पोया’ आणि हिंदी फळ्यावर ‘पोला’. मूल व्यासपीठावर गडबडले आणि ‘पोया’ म्हणून गेले, की मागच्या बाकांवर हशा पिकतो. पुष्कळ मुलांचे बोलणे त्या हशाने कायमचे बंद होते.

शास्ते 12 मध्ये अशीच एका अक्षराची गोष्ट आहे. पण तिचा शेवट हशाने होत नाही. गिलादी आणि एफ्राईमी हे भाऊबंद. त्यांचे युद्ध जुंपले. गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार धरले. पळून जाणारा माणूस आला, की त्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावीत. एफ्राईमी माणसाला ‘श’ उच्चारता येत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तेथेच मारला जाई. त्या वेळी एफ्राईमाचे 42,000 पुरुष पडले असे शास्त्र सांगते. देव एक, पूर्वज एक, आणि नदीच्या उतारावर एका अक्षराने जीव घेतला!

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलाच्या उच्चाराला हसणे हे लहानसे का होईना, पण तेच उतार अडवून बसणे आहे. शुद्ध उच्चार शिकवावा, जरूर शिकवावा. पण आधी मुलाला त्याच्या घरच्या बोलीत पूर्ण बोलू द्यावे. आमचा अनुभव असा, की जे मूल विषय प्रथम आपल्या बोलीत आईला सांगते, त्याला तोच विषय नंतर पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत सांगणे फारसे जड जात नाही. जे थेट पुस्तकी भाषेत पाठ करते, तेच अडखळते.

2. ऐकणाऱ्याला कळले काय?

नहेम्या 8 मध्ये एका मोठ्या सभेचे वर्णन आहे. सातव्या महिन्याचा पहिला दिवस. पाणीवेशीपुढच्या चौकात पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजेल असे सगळे जमले आहेत. एज्रा शास्त्री मुद्दाम केलेल्या लाकडी मंचावर उभा आहे, म्हणजे तो सर्वांना दिसतो. पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत वाचन चालते. पण नुसते वाचून एज्रा थांबत नाही. लेवी लोकांमध्ये फिरतात आणि वाचलेल्याचा अर्थ फोड करून सांगतात. शेवटी लोक आनंद करायला घरी जातात, आणि त्या आनंदाचे कारण शास्त्राने स्पष्ट दिले आहे : त्यांना सांगितलेले समजले होते.

मंच उंच होता तो दिसावे म्हणून, आणि फोड केली ती समजावे म्हणून. ‘भारी शब्द’ मागणाऱ्या आईला हे प्रेमाने सांगावे. आमच्या मराठी मंडळीच्या इतिहासातही याची मोठी साक्ष आहे. पंडिता रमाबाईंना त्यांच्या संस्कृत विद्वत्तेबद्दल 1878 साली कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या. जड शब्दांची त्यांना काय वाण? तरी 1882 साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर का हव्यात हे त्यांनी सांगितले; इंग्रजी भाषांतर मागाहून झाले. पुढे आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी सबंध पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते खेड्यातल्या साध्या बायकांना कळावे म्हणून. 1922 साली त्या वारल्या. ज्याच्याजवळ खरोखर विद्या असते, त्याला ती सोप्या शब्दांत सांगण्याची लाज वाटत नाही.

3. पौलाने तयारी कशी केली?

प्रेषितांची कृत्ये 17 उघडा. पौल अथेनैत सोबत्यांची वाट पाहत आहे. नगर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले आहे. तरी अरीयपगावर उभा राहिल्यावर तो रागाने सुरुवात करीत नाही. नगरातून फिरताना त्याने एक वेदी पाहिली होती, अज्ञात देवाला वाहिलेली. तेथून तो बोलणे सुरू करतो. पुढे त्यांच्याच कवींचा आधार घेतो. म्हणजे त्याची तयारी अशी : आधी डोळे उघडे ठेवून फिरला, लोकांना काय प्रिय आहे ते पाहिले, त्यांचे काय वाचायचे ते वाचले, आणि मग तोंड उघडले.

मुलांकडून आपण हाच क्रम करून घेऊ शकतो.

पहिली पायरी, पाहणे. विषय मिळाल्यावर पहिले दोन दिवस वहीत भाषण लिहू नये. ‘पाणी’ हा विषय असेल तर मुलाने विहिरीवर जावे, संत्र्याच्या बागेत पाणी कसे देतात ते विचारावे, आजीला जुन्या दुष्काळाबद्दल विचारावे.

दुसरी पायरी, एक वाक्य. ‘ऐकणाऱ्याने घरी जाताना काय लक्षात ठेवावे?’ याचे उत्तर मुलाने एकाच वाक्यात द्यावे. ते देता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही.

तिसरी पायरी, मोजमाप. व्यासपीठावर सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांचे भाषण म्हणजे तीनशे-साडेतीनशे शब्द. त्यात एक अनुभव, दोन मुद्दे आणि एक शेवट एवढेच मावते. आपण पाचशे शब्द लिहून देतो आणि मग मूल आगगाडीसारखे धावते.

चौथी पायरी, चिठ्ठी. पूर्ण भाषण पाठ करण्याऐवजी पाच शब्द एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहावेत. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र तोंडपाठ असावे. सुरुवातीला भीती अधिक असते, आणि शेवट पाठ नसला तर मूल उतरायचे कसे हे न कळून घुटमळते.

पाचवी पायरी, उभे राहून सराव. मनातल्या मनात केलेला सराव खरा नव्हे. मुलाला वर्गाच्या एका टोकाला उभे करावे आणि सर्वांत लहान मुलाला शेवटच्या भिंतीपाशी. त्याला ऐकू आले तर सर्वांना येईल. ध्वनिक्षेपक असेल तर तोंड त्याला चिकटवू नये. वीतभर अंतर ठेवावे.

4. अवघड विषय आला तर?

आता सावरगावची गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या आठवीतल्या एका मुलाला शाळेच्या स्पर्धेसाठी विषय मिळाला, ‘आमच्या गावचा सण’. सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये जाम नदी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे गोटमार होते हे वाचकांना ठाऊक असेल. सावरगावचे लोक नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. दोन्ही तीरांवर हजारो लोक जमतात आणि एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. पांढुर्ण्याचे लोक झेंडा काढून आणायला धडपडतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात. लोक सांगतात, की पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी पळून जात होती. नदीत असतानाच दोन्ही बाजूंनी दगड आले आणि दोघे तेथेच गेली. त्याची ही आठवण. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात; आजवर कित्येकांचे प्राण गेले. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडेच वळले.

मुलगा आमच्याकडे आला तो गप्पच बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘सर, गोटमारीवर बोलू का?’ त्याचा काका त्या दिवशी गुडघ्यावर दगड बसून कायमचा लंगडा झालेला. आणि त्याचे वडील? ते आजही दर वर्षी नदीवर जातात. ‘खरं सांगितलं तर बाबा खाली बसतील मान घालून. खोटं सांगू?’

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. शास्ते 8 आणि शास्ते 12 ही दोन वचने त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, दोन्ही वाचून फरक सांग.

वाचकहो, तुम्हीही वाचा. दोन्ही ठिकाणी एफ्राईमी लोकांची तक्रार एकच आहे : लढाईला जाताना आम्हांला का बोलावले नाही? गिदोनाला त्यांनी जोराने हटकले. गिदोन म्हणू शकला असता, तुम्ही कोठे होता? पण त्याने त्यांच्या कामाची थोरवी सांगितली. तुमच्या द्राक्षांचा सरवा आमच्या सगळ्या पिकाहून चांगला, अशा अर्थाचे तो बोलला. त्यांचा राग उतरला. पुढे इफ्ताहाकडे तीच तक्रार गेली. या वेळी त्यांनी घर जाळण्याचीही धमकी दिली हे खरे. इफ्ताहाचे उत्तर खोटे नव्हते. मी बोलावले तेव्हा तुम्ही आला नाहीत, असे तो म्हणाला. पण त्याने स्वतःची बाजू मांडली आणि लगेच माणसे गोळा केली. त्यानंतर यार्देनेचे उतार आले आणि 42,000 प्रेते. इफ्ताहाजवळ सत्य होते; पण रागावलेल्या भावाला परत आणील असे बोलणे नव्हते.

मुलाने वाचले आणि विचारले, ‘म्हणजे गोड बोलून खरं लपवायचं?’ प्रश्न योग्य होता. नाही, गिदोनाने खोटी स्तुती केली नाही. एफ्राईमी लोकांनी मिद्यानाचे सरदार खरोखर धरले होते. त्याने फक्त खऱ्यातले कोणते आधी सांगायचे ते निवडले. मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, की जे तू डोळ्यांनी पाहिले तेच सांग. कोणाला मूर्ख किंवा रानटी म्हणू नकोस. आणि हे भाषण सर्वांत आधी बाबांना ऐकव. लोकांपुढे ऐकून त्यांची मान खाली जाईल, असे काही त्यांनी घरी आधी ऐकलेले नसावे, असे होऊ देऊ नकोस.

त्याने भाषण बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगापासून सुरू केले. मग नदीतल्या त्या दोघांची गोष्ट सांगितली. ती दोघे दोन्ही गावांची लेकरे होती असे तो म्हणाला. मग काकाचा गुडघा. आणि शेवटी एक प्रश्न : त्या दोघांची आठवण ठेवायची, तर त्यांना लागलेलाच दगड आपण अजून का उचलतो?

घरी त्याने ते आपल्या बोलीत ऐकवले. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक चूक काढली. मुलाने झाड दोन्ही गावांचे लोक रोवतात असे म्हटले होते. वडील म्हणाले, ‘झाड आपन सावरगाववाले आनतो.’ एवढेच. स्पर्धेच्या आदल्या रात्री दिवा मालवताना मात्र म्हणाले, ‘थे काकाचं हयू सांग.’ त्या मुलाला बक्षीस मिळाले नाही. त्याचे वडील पुढच्या वर्षी नदीवर गेले की नाही, हे आम्ही विचारले नाही. पण बाप मुलाच्या बोलण्यात सुधारणा करू लागला, हे आमच्या मते त्या वर्षीचे मोठे काम झाले.

5. चुका कशा सुधाराव्यात?

अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा, बोलण्यात कसलेला आणि शास्त्रात पारंगत. इफिसच्या सभास्थानात तो धैर्याने बोलला. पण त्याला बाप्तिस्मा ठाऊक होता तो केवळ योहानाचा. प्रिस्किल्ला आणि अक्विला तेथे ऐकत होती. त्यांनी सभेत उठून चूक दाखवली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि अधिक नीट समजावून सांगितले. पुढे तोच अपुल्लोस अखयातील विश्वासणाऱ्यांना मोठा आधार झाला.

मूल व्यासपीठावरून उतरल्याबरोबर आपण त्याच्या चुका मोजू लागतो. तसे करू नये. त्या दिवशी केवळ एक चांगली गोष्ट सांगावी, तीही खरी असावी. दोन दिवसांनी जवळ बसवून एकच सुधारणा सांगावी. एका वेळी पाच सांगितल्या तर मूल एकही घेत नाही.

आणि जे मूल म्हणते, ‘मला बोलताच येत नाही’? त्याला मोशेची गोष्ट सांगा. आपली जीभ जड आहे अशी सबब त्याने देवापुढे मांडली. देवाने त्याला कामातून सोडले नाही. पण त्याला एकटेही पाठवले नाही, अहरोन दिला. लाजाळू मुलाला सोबती द्या. दोघांनी मिळून संवाद सादर करावा. पुढच्या वर्षी ते एकटे उभे राहील. लक्ष्मीबाई टिळकांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. 1933 साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. उशीर झाला म्हणून दार बंद झाले असे कोणत्याही मुलाला सांगू नये.

बक्षीस न मिळालेल्या मुलालाही अथेनैची आठवण द्यावी. पौलाचे बोलणे ऐकून काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले, आणि काही थोड्यांनी विश्वास धरला. त्यांत दामारी नावाची एक स्त्री होती. पौलासारख्याला जर तिन्ही प्रकारचे ऐकणारे मिळाले, तर आमच्या आठवीतल्या मुलाने का खचावे?

चार रविवारांचा क्रम

पहिला रविवार : शास्ते 8 आणि 12 वाचून दोन उत्तरांतील फरक मुलांकडून काढून घ्यावा. प्रत्येकाने विषय निवडावा.
दुसरा रविवार : मुलांनी पाहून-विचारून आणलेले घरच्या बोलीत सांगावे. कोणी हसू नये, हा नियम आधी सांगावा.
तिसरा रविवार : एक वाक्य आणि पाच शब्दांची चिठ्ठी. उभे राहून सराव.
चौथा रविवार : आईवडिलांना बोलावून तीन-तीन मिनिटांची भाषणे. क्रमांक काढू नयेत. प्रत्येक पालकाने आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मुलाला एक चांगली गोष्ट सांगावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत किंवा गावात ‘शिब्बोलेथ’सारखे कोणते शब्द आहेत, ज्यांवरून आपण माणसाला परका ठरवतो?
2. गिदोनाचे उत्तर आणि लाळघोटेपणा यांत फरक काय?
3. घरातील माणसाला दुखावील असे सत्य मुलाने जाहीर सांगावे काय? केव्हा, आणि आधी काय करून?
4. तुम्ही लिहून दिलेले भाषण मुलाने शेवटचे कधी म्हटले? या वर्षी ते त्याला स्वतः करू द्याल काय?